प्राथमिक शाळेत गाणं कसं शिकवायचं? पेटी आहे, संगीताचा शिक्षक नाही

खानापूरची_बाई

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घाटाकडच्या बाजूला एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, ३८ मुलं आणि आम्ही दोघं शिक्षक. संगीताचा शिक्षक आमच्यासारख्या शाळेला कुठला मिळणार, पण यंदा गावच्या भजनी मंडळानं त्यांची जुनी पेटी शाळेला दिली, एसडीएमसीच्या (शाळेच्या समितीच्या) मीटिंगमध्ये एकानं सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरनं पेटी आली सुद्धा. मी लहानपणी गाण्याच्या प्रवेशिका प्रथम परीक्षेपर्यंत शिकलेली आहे, त्यामुळं सगळे म्हणाले बाई तुम्हीच शिकवा.

आता रोज शेवटचा तास गाण्याचा घेते. मुलं येतात आनंदानं. पण मला काही गोष्टी सुटेनात.

एक म्हणजे निम्मी मुलं सुरात येतच नाहीत. मी काळी चारवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुरावर, सा धरते (माझी पट्टी, गाण्याचा मूळ सूर, तोच आहे), मुली थोड्याफार येतात पण मुलगे खाली घुमत राहतात, आणि "मोठ्यानं म्हणा" म्हटलं की सरळ ओरडतात. दुसरीतला एक मुलगा आहे, तो तर अख्खं गाणं एकाच सुरावर म्हणतोय, जाड, म्हाताऱ्या माणसासारखा आवाज काढून. शेजारची मुलं हसतात. परवा तो गाण्याच्या तासाला पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो घंटा होईस्तोवर आलाच नाही. ते मला फार लागलं.

दुसरं म्हणजे सुरुवात कशानं करायची? सारेगम, अलंकार, की सरळ गाणी? आणि तिसरं नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत. रोज परिपाठाला म्हणतात पण शब्द निम्मे गिळतात, घरात कन्नड कुणाच्या नाही.

कुणी शिकवत असाल तर सांगा की. पुस्तकातलं नको, करून बघितलेलं सांगा.

शहापूरची_आई

बाई, मी शिक्षक नाही, पण तुमच्या त्या मुलाचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझी मुलगी तिसरीत असताना गॅदरिंगच्या समूहगीतात होती, घरात चार दिवस नुसतं गाणं चाललेलं, आणि पाचव्या दिवशी एकदम गप्प. विचारल्यावर म्हणाली, टीचरनी सांगितलंय तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको. कार्यक्रमाला आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो आणि ती स्टेजवर ओठ हलवत होती. आता ती नववीत आहे, आंघोळीला गेली तरी गुणगुणत नाही. शाळा कुठली ते सांगत नाही, पण तुम्ही त्या मुलाला बाजूला बसवलं नाहीत याबद्दल एक आई म्हणून तुमचे आभार.

काळी_पाच

बाई, मी बेळगावात पेटीची साथ करतो, घरी शिकवणी पण घेतो, त्यात लहान मुलं बरीच असतात. तुमचा पहिला प्रश्न आवाजाचा नाहीच, पट्टीचा आहे.

काळी चार ही बायकांची पट्टी झाली. शास्त्रीय गाणाऱ्या बाईला मंद्रात (खालच्या सप्तकात) पण जायचं असतं आणि तार (वरच्या) सप्तकात पण, म्हणून सा तिथं धरतात. सात-आठ वर्षांच्या पोराला मंद्र सप्तक नसतंच म्हटलं तरी चालेल. त्याचा सोपा आवाज साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वर पांढरी सहापर्यंत. म्हणजे तुमचा काळी चारचा सा, तो खालच्या सप्तकातला, त्याच्या गळ्याच्या खाली गेला, तो तिथं पोचायचा प्रयत्न करतोय आणि घुमतोय. तुम्ही मधली पांढरी एक सा धरा, गाणं सा ते ध एवढ्यातच असलेलं निवडा, आणि आठ दिवसांनी सांगा. पुरुष शिक्षक असला तर अजून अवघड, तो आपल्या काळी एकवर म्हणतो आणि पोरं त्याच्यासारखा जाड आवाज काढायला बघतात.

आणि ते "मोठ्यानं म्हणा" आजपासून बंद करा. शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे एवढ्याच आवाजात म्हणायचं असं सांगा. ओरडताना मुलाला स्वतःचाच सूर ऐकू येत नाही, दुसऱ्याचा कुठनं येणार. शिवाय घसा बसतो तो वेगळाच.

पेटी सगळं गाणंभर वाजवू नका. सा द्या, एक ओळ ऐकवा, मग भाता सोडून द्या आणि मुलांना एकटं म्हणू दे. पेटीबद्दल मी हे बोलतोय म्हणजे बघा. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिचे सूर ठरलेले असतात आणि आपल्या गाण्यातल्या श्रुती (दोन सुरांमधले बारीक सूर), मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) त्यात येत नाही असं म्हणणं होतं. आमच्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरेंसारखी माणसं अख्खा जन्म पेटी वाजवत राहिली, त्यामुळं ती बंदी मला पटत नाही, पण लहान मुलांच्या बाबतीत त्यातलं एवढं खरं आहे की पेटीच्या आवाजाआड मूल लपतं. तुम्हाला वाटतं वर्ग सुरात आहे, प्रत्यक्षात पेटी सुरात असते.

निपाणीचे_आबा

बाई नमस्कार. मी मराठी शाळेतनं रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता भजनात असतो. वर्गात ३०-४० पोरं बसवून एकदम गाणं शिकवणं ही गोष्ट आपल्याकडं फार जुनी नाही. आधी गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, मग कधीतरी गाणं. आमच्या जवळच्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा असं सगळं बसवलं. तुम्ही दिलेली प्रवेशिका त्याच झाडाची फांदी. त्यामुळं एका वर्गात गाणं शिकवता येतं का ही शंका मनातनं काढून टाका, येतं.

सुरुवात कशानं, तर माझं मत ऐका. पोराच्या घरात जे गाणं आहे त्यानं. तुमच्या भागात भात लावताना बायका गाणी म्हणतात, आज्ज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, दिंडी येते, हरिपाठ होतो. ओवीची चाल तीन-चार सुरांतच फिरते, त्यापेक्षा लहान मुलाला योग्य काय असणार? मी प्रत्येक पोराला सांगायचो, घरातनं एक ओळ आण. कुणी आज्जीकडनं आणायचं, कुणी मावशीकडनं, सौंदत्तीच्या यात्रेला जाऊन आलेलं पोर चौंडक्यावरचं (देवीच्या गाण्यातलं तंतुवाद्य) काहीतरी घेऊन यायचं. त्या ओळी फळ्यावर लिहायच्या आणि ज्याची ओळ त्यानं पुढं उभं राहून बाकीच्यांना शिकवायची. पोराला सूर येवो न येवो, ती ओळ त्याची असते.

धारवाडची_विद्यार्थिनी

आबांच्या मताचा आदर आहे पण मला थोडं वेगळं वाटतं. मी मूळची बेळगावची, धारवाडला गाणं शिकते. नुसती गाणी पाठ करून घेतली तर मुलांना स्वर ओळखता येत नाहीत, चाल पाठ होते आणि चाल विसरली की सगळं गेलं. माझ्या गुरुजींनी पहिले सहा महिने नुसता सा आणि अलंकार दिले, सारेग रेगम गमप, आणि भूप राग. भूपात मध्यम नाही निषाद नाही, पाचच स्वर, सगळे शुद्ध, मुलांना चुकायला जागा कमी. आपल्या भागातनं मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, भीमसेनजी अशी माणसं झाली ती काही नुसत्या ओव्या म्हणून झाली नाहीत. पाया पक्का नको का?

निपाणीचे_आबा

ताई, पाया पाहिजेच की. पण तुम्ही गाणं शिकायला स्वतः गेलात, ही पोरं वाचायला शिकायला आलीत आणि दिवसातली पस्तीस मिनिटं गाण्याला मिळतायत. मूल आधी बोलतं आणि चार-पाच वर्षांनी मुळाक्षरं गिरवतं, गाण्यात आपण मुळाक्षरं आधी का द्यायची? आणि लोकगीत म्हणजे कमी दर्जाचं असं तुमच्या बोलण्यात नसेल, पण पुष्कळांच्या मनात असतं म्हणून सांगतो. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीत जन्मले. पुढं क्षयानं आजारी पडून देवासला होते तेव्हा त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकली आणि त्या धुनांतनं पुढं राग उभे केले. एवढ्या मोठ्या गवयाला जे पुरलं ते आमच्या दुसरीच्या पोराला पुरणार नाही होय?

काळी_पाच

दोन्ही एकाच तासात होतंय बघा. ओवी म्हणून झाली की त्याच ओवीचे स्वर मी हातानं दाखवतो, सा पोटाशी, रे छातीशी, ग खांद्याशी, प कपाळाशी. पंधरा दिवसांनी गाणं न म्हणता नुसता हात वर-खाली केला की पोरं बरोबर सूर लावतात. तोवर सरगम हा शब्द उच्चारला नाही तरी चालतंय. तालाचं पण तसंच, टाळ सगळ्यांनी ऐकलेला असतो. केरवा ताल आठ मात्रांचा, धा गे ना ती, न क धी न, धा वर टाळी आणि पाचव्या मात्रेच्या न वर हात उघडा, वर्गात गोल फिरत पावली टाकायला लावा. पायात ठेका गेला की हातात आपोआप येतो, बाकड्यावर बसून येत नाही.

हंगेरीत झोल्तान कोदाय म्हणून संगीतकार होऊन गेले, शाळेतल्या मुलांच्या गाण्यावर त्यांनी खूप काम केलं, तिथंही हेच, आधी गळा मग वाद्य, आधी आईच्या भाषेतली लोकगीतं आणि हातानं स्वर दाखवणं.

त्या मुलाबद्दल एक विचारायचं होतं. तो घरी कुणाबरोबर गातो का? आणि खेळताना, कुणाला लांबनं हाक मारताना त्याचा आवाज कसा असतो?

चिकोडीचा_मास्तर

मी मराठी घरातला, कन्नड शाळेत शिकवतो. नाडगीताबद्दल सांगतो. सप्टेंबर २०२२ च्या सरकारी आदेशानंतर चाल म्हैसूर अनंतस्वामींची आणि वेळ अडीच मिनिटं हे ठरलंय, त्यामुळं मोबाईलवर पाच प्रकार लावून मुलांना गोंधळात टाकू नका, एकच ठेवा. आधी चाल नकोच. एक ओळ घ्यायची, अर्थ मराठीत सांगायचा, मग टाळीवर शब्द नुसते बोलायचे, मग चाल. नाडगीतात संस्कृत शब्द भरपूर आहेत, मराठी पोरांना निम्मे ओळखीचेच निघतात, त्यांना ते कुणी दाखवलेलं नसतं एवढंच.

गिळतात ते कुठं, तर आखूड आणि लांब ए-ओ मध्ये. कन्नडमध्ये आखूड ए वेगळा आणि लांब ए वेगळा, मराठीत तो फरक नाही. बेळे आखूड म्हटलं तर पीक, बे लांबवला तर डाळ. तुमची पोरं शेतकऱ्यांची आहेत, हे एक उदाहरण दिलंत तर जन्मात विसरणार नाहीत. आणि गाण्यात स्वर ओढायला मिळतो म्हणून हा फरक गाण्यातनंच लवकर कळतो, व्याकरणाच्या तासाला नाही. माझ्याकडं उलटं आहे, कन्नड पोरांना मी मराठी अभंगाची चाल शिकवतो, तेव्हा च आणि ज चे दोन-दोन उच्चार त्यांना असेच अडतात.

आमच्या बाजूचा अजून एक फरक सांगतो, धारवाडच्या ताईंना माहीत असेल. कर्नाटक पद्धतीत लहान मुलांचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात, ती परंपरा पुरंदरदासांपर्यंत नेतात. आपल्या हिशेबानं तो भैरव थाट, रे आणि ध कोमल. आपण बिलावलनं म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांनी सुरुवात करतो. दोन्हीकडची मुलं शिकतातच. भूपाला तिकडं मोहनम म्हणतात, तो मात्र दोन्हीकडं सारखा, त्यामुळं प्रतिभा कारंजीला (कर्नाटकातल्या शाळांची कलास्पर्धा) मिश्र शाळांचा गट बसवताना मी भूपातलंच काहीतरी घेतो.

खानापूरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण करून बघत होते.

पट्टी पांढरी एक केली. पहिल्याच दिवशी फरक कळला, मुलगे वर आले. मला स्वतःला वरचा ध थोडा जड जातो पण जमतंय. पेटी सोडून म्हणायला लावलं तेव्हा पहिल्यांदा सगळा वर्ग कोसळला, गाणं तिसऱ्या ओळीला थांबलंच, आणि मग कळलं की आतापर्यंत चार-पाच मुलीच गात होत्या. मी इतके दिवस काय ऐकत होते असं झालं मला.

बेळेचं सांगितलं. आता मुलं एकमेकांना आखूड बेळे का लांब बेळे असं विचारत फिरतात.

आणि त्या मुलाबद्दल काळी_पाच दादांनी विचारलं होतं. चौकशी केली. त्याचे आज्जा भजनी मंडळात आहेत, पेटी दिली त्याच मंडळात. पोर रोज रात्री त्यांच्या मांडीला टेकून भजनाला बसतंय आणि त्यांच्यासारखंच म्हणायला बघतंय. तो वर्गात काढतो तो आवाज आज्जाचा आहे! मला हे सुचलंच नव्हतं, मी समजत होते की त्याला सूर कळत नाही. हाक कशी मारतो ते अजून बघितलं नाही.

काळी_पाच

मग झालंच. त्याला सूर कळतोय, तो चुकीच्या माणसाची पट्टी धरून बसलाय. ते पण प्रेमानं धरलीय, तेव्हा "आज्जासारखं म्हणू नको" असं सांगू नका हां.

हाक ऐका त्याची. मुलं लांबच्या माणसाला हाक मारतात तेव्हा आवाज आपोआप वर जातो आणि शेवटी खाली उतरतो, पुष्कळदा प वरनं ग वर. हाक कुठल्या पट्टीवर पडते ते पेटीवर शोधा. मग तो तुमच्या सुरात येण्याऐवजी तुम्ही त्याच्या सुरात जा, तो जे म्हणेल तेच तुम्ही म्हणा, त्याला एकदा कळू दे की दोन माणसांचा सूर एक झाला म्हणजे कानाला कसं लागतं. तिथनं एक-एक सूर हलवायचा. घाई नको. माझ्याकडच्या एका मुलाला पाच महिने लागले होते.

शहापूरची_आई

बाई, त्याचं काय होतंय ते नक्की लिहा. माझी मुलगी पण हा धागा वाचतेय.

खानापूरची_बाई

लिहिते आज. सविस्तर लिहिते.

गेल्या आठवड्यात रोपलावणी चालू होती, शाळेत निम्मी मुलं. मी त्या मुलाच्या घराकडनं येत होते, पाऊस मरणाचा, आणि हा बांधावर उभा, डोक्यावर खोळ, पलीकडच्या वाफ्यात आज्जा होते त्यांना जेवायला बोलवत होता. ओ आज्जाऽऽ. काय आवाज होता. एवढ्या पावसात अख्खं शेत ओलांडून गेला. मी तिथंच उभी राहून तो सूर मनात धरला आणि शाळेत येईपर्यंत गुणगुणत आले, वाटेत कुणाशी बोलले नाही, सूर सुटेल म्हणून. पेटीवर लावून बघितला तर वर पांढरी पाच आणि उतार पांढरी तीनला. म्हणजे सा पांढरी एक धरला तर अगदी प आणि ग, दादा म्हणाले तसंच.

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या तासाला मी सगळ्यांना हाका मारायला लावल्या. कुणी आईला, कुणी म्हशीला, कुणी एसटीच्या कंडक्टरला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं तीच हाक मारली आणि मी त्याच्याच सुरात उत्तर दिलं, ओ बाळाऽऽ. तो थबकला. परत मारली. मी परत दिली. मग वर्गानं दिली. चौथ्यांदा तो हसायला लागला, आणि कुणी त्याला हसत नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही गाणं हाकेनं सुरू करतो. सगळं सुटलं असं नाही हो. प आणि ग पक्के लागतात, रे आणि सा ला खाली आला की परत आज्जाच्या आवाजात घसरतो, ओवी म्हणताना निम्म्यात हरवतो. पण पाणी प्यायला जात नाही आता.

काल जास्त पावसानं १९ मुलंच होती. आबांच्या सांगण्यावरनं घरातनं ओळ आणायची आम्ही सुरू केलीय, तर तो उठला आणि म्हणाला माझी हाय. आज्जीची जात्यावरची ओवी होती. स्वतःच्याच पट्टीवर उचलली, मला पेटीवर शोधावी लागली, पांढरी दोन निघाली. आणि वर्ग मागनं म्हणत गेला. मधे एकदा चुकला, थांबला, स्वतःच परत पहिल्यापासनं धरली.

आता नवीन अडचण अशी की पाचवीतल्या दोन मुली म्हणतात बाई पट्टी फार वर होतेय, ध ला ताणावं लागतंय. पहिलीच्या मुलांना तीच बरी पडते. एकाच वर्गात सगळे, काय करू? आणि पेटीची काळी दोन पावसात फुगून बसलीय, दाबली की वर येतच नाही, सारखी वाजत राहते.

निपाणीचे_आबा

बाई, ती ओवी लिहून ठेवा. म्हातारीकडनं सगळ्या ओव्या लिहून घ्या, मोबाईलवर तिच्या आवाजात भरून पण ठेवा, पण आधी तिला विचारून.

धारवाडची_विद्यार्थिनी

हाकेनं सुरुवात हे मी माझ्या शिकवणीतल्या लहान मुलांबरोबर उद्यापासून करणार आहे. आबा, तुमचं पटलं. अलंकार मी तरी देणारच, पण नंतर.

काळी_पाच

पाचवीच्या मुलींना ताणायला लावू नका. वर जाणारी ओळ लहान मुलांना द्या आणि खालची ओळ मोठ्या मुलींना, सवाल-जवाबासारखं, भजनात पुढचे म्हणतात आणि मागचे धरतात तसं. नाहीतर सगळ्यांचं मिळून म्हणायचं असेल तेव्हा पट्टी अर्ध्या सुरानं खाली, पांढरी सात करून बघा, पहिलीवाले तेवढं खपवून घेतील.

पेटी भिंतीला टेकून जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, झाकून ठेवा पण रोज दहा मिनिटं वाजवा. काळी दोनच्या पट्टीला चाकू लावू नका कुणी. मी येत्या रविवारी खानापूरला येणारच आहे, बारीक पॉलिश पेपर घेऊन येतो, पट्टी काढून कडेनं घासली की सुटेल. शाळा रविवारी उघडता येईल का तेवढं सांगा, आणि जमलं तर त्या मुलाला आणि त्याच्या आज्जांना पण बोलवा.